हिरांची जुडी

‘पंचवीस लिहा,’ मी म्हटलं. दुसरीत पाच मुलं. तिघांनी पाटीवर ५२ लिहिलं, एकीनं २०५ लिहिलं आणि एकानं पाटी पोटाशी घट्ट धरली, दाखवलीच नाही. जुलै २०२४ चा पहिला आठवडा होता. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर मी स्वतः रंगवलेला, लॅमिनेशन केलेला १ ते १०० चा तक्ता लटकत होता. त्यात २५ होतेच. ५२ लिहिणाऱ्यांतल्या एकानं आदल्याच दिवशी त्या तक्त्यावर छडी फिरवत एकपासून शंभरपर्यंत न अडखळता म्हणून दाखवलं होतं आणि मी त्याच्या वहीत ‘छान’ लिहिलं होतं.

मी लातूर जिल्ह्यातली. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली, रत्नागिरी जिल्हा मिळाला. सोळा हजार मानधनावर शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले ती खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत. शाळा द्विशिक्षकी, पट सतरा. तिसरी-चौथी मुख्याध्यापक गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे: पहिलीत चार, दुसरीत पाच. नऊ मुलं म्हणजे सोपं काम असं गावाकडे सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. पण नऊ मुलांचे दोन वर्ग, दोन वर्गांची वेगवेगळी पुस्तकं आणि एक मी. पहिलीला अक्षर गिरवायला दिलं की दुसरी रिकामी बसायची, दुसरीकडे वळले की पहिलीतला कुणीतरी पागोळ्यांखाली हात धरायला ओसरीवर पोचलेला असायचा. पाठ टाचणात सगळं नीट बसत होतं. वर्गात काहीच बसत नव्हतं.

मी साहित्य घेऊन आले होते, हे सांगायला हवं. मेमधल्या सुट्टीत मानधनातले साडेतीन हजार रुपये घालून कार्डशीट, रंग, चित्रं आणली होती आणि बहिणीला सोबत घेऊन रात्र रात्र बसून चाळीस तक्ते केले होते. फळांचे, प्राण्यांचे, बाराखडीचे, संख्यांचे. एस.टी.त ती गुंडाळी मी मांडीवर घेऊन आले. कोकणातल्या भिंतींना पावसाळ्यात ओल सुटते, चिकटपट्टी रात्रीत सुटून पडते आणि कडा नीट न दाबलेल्या लॅमिनेशनमध्ये पाणी शिरून आत बुरशी धरते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जुलै संपेपर्यंत चाळीसातले तेवीस तक्ते गेले. मला रडू आलं. पण खरं दुःख वेगळंच होतं. तक्ते गेल्याचं मुलांना काहीच वाटलं नाही. एकाही मुलानं विचारलं नाही, ‘बाई, ते वाघाचं चित्र कुठं गेलं?’ त्या तक्त्यांशी त्यांचा काही संबंधच जुळला नव्हता. ते माझे होते, माझ्या उंचीवर टांगलेले होते आणि त्यांना हात लावायला मीच मनाई केली होती.

गुरुजींनी हे सगळं पाहिलं असणार. ते बोलले काही नाहीत, फक्त एका दुपारी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. आत गणिताची पेटी होती. मणिमाळ, ठोकळे, खेळातल्या नोटा, पुठ्ठ्याचं घड्याळ. निम्म्याहून अधिक वस्तूंचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. जडवस्तू नोंदवहीत एकेक वस्तू नोंदलेली, म्हणून मी आधीच घाबरले. हरवलं तर? मोडलं तर? गुरुजी म्हणाले, ‘झिजलं तर निर्लेखन करू बाई, वहीतून नाव कमी करू. आणि कपाटात वाळवीनं खाल्लं तरी निर्लेखनच करावं लागणार आहे. त्यापेक्षा पोरांच्या हातानं झिजू दे.’ त्या वाक्यानं मला जो धीर आला तो कुठल्याही प्रशिक्षणात आला नव्हता.

मणिमाळेनं थोडं काम सोपं केलं. दहा लाल, दहा पांढरे असे शंभर मणी. मुलं मोजायला लागली, दहाच्या उड्या मारायला लागली. पण पंचवीसचे बावन्न होणं थांबलं नाही. मणी दोरीत ओवलेले. दहाचा गट दिसतो, पण तो करता येत नाही आणि मोडताही येत नाही. हे तेव्हा मला असं शब्दांत सांगता आलं नसतं. तेव्हा एवढंच कळत होतं की काहीतरी राहतंय.

मग एक दिवस दुसरीतली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, हीर आणू?’

आमच्याकडे हीर म्हणजे विहीर. मी गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. माझी भाषा त्यांना कळत नव्हती हे मला ठाऊक होतं. मी ‘माळवं’ म्हटलं तेव्हा नऊच्या नऊ चेहरे कोरे झाले होते आणि भाजीचं चित्र काढून दाखवावं लागलं होतं. पण त्यांची भाषा मला कळत नाही, याचा मी विचारच केला नव्हता. ती मुलगी धावत शाळेच्या पडवीत गेली. तिथे पोषण आहार शिजवणाऱ्या काकी दुपारची भांडी आवरून केरसुणी बांधत बसल्या होत्या. माडाच्या झापाचं एकेक पातं सुरीनं तासून मधली शीर काढायची, वाळवायची, मग मूठभर झाली की बांधायची. ती शीर म्हणजे हीर. मुलगी मूठभर हीर घेऊन आली आणि म्हणाली, ‘हे मोजूया. मणी नको.’

काकींना विचारलं तर म्हणाल्या, ‘न्या ओ बाई. हिरांना काय तोटा?’

त्या संध्याकाळी मी खोलीवर बसून हीर वीतभर लांबीचे कापले. दुसऱ्या दिवशी फक्त एक नियम सांगितला: दहा झाले की जुडी बांधायची, नऊ असतील तर बांधायची नाही. रबर बँड दिले, ते दोन दिवसांत तुटले. मुलांनीच केळीच्या सोपाच्या दोऱ्या आणल्या. गाठ मारायला पहिलीतल्या पोरांना वेळ लागायचा आणि तो वेळ वाया जातोय असं मला सुरुवातीला वाटायचं. आता वाटत नाही. दहा मोजणं, मुठीत धरणं, गाठ मारणं, ती सुटणं, पुन्हा मोजणं, पुन्हा बांधणं. दशक म्हणजे काय ते त्या गाठीत हाताला कळत होतं. दहा जुड्या झाल्या तेव्हा त्यांचं काय करायचं ते मी सांगितलं नाही. तिसरीतला एक दारातून बघत होता, तो म्हणाला, ‘त्याची मोळी बांधा.’ तेव्हापासून आमच्या शाळेत एकक, दशक, शतक ही पुस्तकातली नावं आणि सुटा, जुडी, मोळी ही घरातली.

आता पंचवीसकडे येते, कारण त्यानं मला सगळ्यात जास्त छळलं. हिरांच्या दोन जुड्या आणि पाच सुटे समोर ठेवून मी विचारलं, ‘किती?’ उत्तर आलं, ‘पंचवीस.’ ‘लिहा.’ पुन्हा ५२. मी त्या मुलाशेजारी बसले आणि त्याला हळू बोलत लिहायला सांगितलं. तो म्हणाला, ‘पंच...’ आणि ५ लिहिला. ‘...वीस’ आणि २ लिहिला. त्याची काही चूक नव्हती. तो जसं ऐकत होता तसं, ऐकलेल्या क्रमानं, डावीकडून उजवीकडे लिहीत होता. आपली भाषा सुटे आधी सांगते आणि जुड्या मागून.

यावरून एक जुना वाद आठवला. २०१९ च्या जूनमध्ये मी डी.एल.एड.ला होते. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं, त्यावरून राज्यभर वाद पेटला, विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी पद्धत काढलेली नाही, मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो म्हणून दुसरी वाटही दिली आहे. आम्ही विद्यार्थिनी तेव्हा मराठी बुडाली म्हणून हळहळलो होतो. मीही. पाच वर्षांनी त्या पाटीसमोर बसले तेव्हा नारळीकर बाईंचं म्हणणं मला कळलं. आधी कळलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

कागदावर आपले संख्यावाचक शब्द एकदा मांडून पाहा. दोन हा अंक बावीसमध्ये ‘बा’ आहे, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’, ब्याऐंशीत ‘ब्या’. पाच कुठे ‘पंच’, कुठे ‘पस’, कुठे ‘पा’, कुठे ‘पंच्या’. पन्नास असताना पंचावन्नला ‘वन्न’. आणि एकोणतीस? त्यात तीस ऐकू येतं, म्हणून मुलं ३९ लिहितात. नव्व्याण्णव मात्र ‘एकोणशंभर’ होत नाही. मला हे शब्द फार प्रिय आहेत, शतकानुशतकं जिभेवर घासून गुळगुळीत झालेले गोटे आहेत ते. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला शंभर संख्यांसाठी जवळजवळ शंभर वेगळे शब्द पाठ करावे लागतात, हे शिकवणाऱ्यानं विसरून चालणार नाही.

मी दोन्ही ठेवलं. जुड्या उचलताना ‘वीस’, सुटे उचलताना ‘पाच’, मग सगळं मुठीत धरून ‘पंचवीस’. एकोणतीससाठी तीन जुड्या बांधायला सांगितल्या आणि मुद्दाम एक हीर कमी दिला. तिसरी जुडी बांधताना एकजण ओरडला, ‘बाई, तीस होत नाय, एक कमी हाय!’ मी म्हटलं, ‘त्यालाच एकोणतीस म्हणतात. एक ऊन तीस. ऊन म्हणजे कमी.’ पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवशी एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ त्यांनी स्वतः शोधून काढले. मी फक्त ऐकत होते.

पण लिहिण्याचा प्रश्न सुटला तो कार्डांनी. ही युक्ती माझी नाही, शिक्षकांमध्ये ती जुनीच आहे. मला ती आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत शेजारी बसलेल्या एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत दाखवली. दशकांची नऊ कार्डं रुंद: १०, २०, ३० असे ९० पर्यंत. एककांची नऊ कार्डं अर्ध्या रुंदीची: १ ते ९. वीसच्या कार्डावर पाचचं कार्ड असं ठेवायचं की शून्य झाकला जाईल. २५. एवढंच. अठरा कार्डांतून १ ते ९९ सगळ्या संख्या होतात. त्यांनी मला ती जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर करून दिली.

मी ती वर्गात नेली आणि जे पाहिलं ते त्या बाईंनीही मला सांगितलं नव्हतं. ५२ लिहिणारा मुलगा ‘पंचवीस’ ऐकून आधी ५ उचलतो, कारण तेच आधी ऐकू येतं. मग २० उचलतो. आता ५ ला बसायला जागा एकच, शून्यावर. आधी काय उचललं यानं काही बिघडत नाही! कानाचा क्रम कानाचा राहतो, कागदाचा क्रम कागदाचा. आणि जिनं २०५ लिहिलं होतं तिनं पाचचं कार्ड उचलून खालचं शून्य बघितलं, पुन्हा झाकलं, पुन्हा उचललं. आठ-दहा वेळा. मग मान वर न करता पाटी घेतली आणि २५ लिहिलं. मी काही बोलले नाही. गळा दाटून आला होता, बोलता आलंच नसतं.

पहिलीच्या चौघांसाठी मी बिया आणि शिंपले गोळा करायला लागले. चिंचोके, सागरगोटे, करंजाच्या बिया, किनाऱ्यावरचे शिंपले. वर्गीकरण करा, रांगा लावा, कमी-जास्त सांगा. मला वाटलं, निसर्गातलं सगळंच चांगलं. एकदा लाल-काळ्या गुंजा ओंजळभर आणल्या, इतक्या सुंदर. काकींनी माझ्या हातातून घेऊन थेट चुलीत टाकल्या. ‘पोरगं तोंडात घालील, दातानं फोडील. विषारी असते ती.’ नंतर वाचलं. त्या अगदी बरोबर होत्या. तसंच काजूच्या ओल्या बियांचं. टरफलातलं तेल अंगाला लागलं की कातडी भाजते. हे वाडीतल्या प्रत्येक मुलाला माहीत होतं, मला नव्हतं. साहित्य वर्गात आणण्याआधी मी आता काकींना दाखवते.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर परीक्षेत दहा गुणांचं उत्तर मी पाठ करून लिहिलं होतं. १९४५ बोर्डी, १९५७ कोसबाड, आदिवासी मुलं, कुरणशाळा. पानं, शंख, खडे, बिया ही त्यांची साधनं होती हेही लिहिलं होतं. पण महागडं साहित्य खेड्यातल्या मुलांना परवडणारं नव्हतं म्हणून त्यांनी असं केलं, एवढंच मला तेव्हा कळलं होतं. आता वाटतं, स्वस्त असणं हा त्यातला लहान भाग. मुलाला जी वस्तू आधीच ओळखीची आहे तिच्याबद्दल त्याला शिक्षिकेपेक्षा जास्त माहिती असते, आणि ती माहिती घेऊनच मूल वर्गात येतं, हा मोठा. हीर कसा तासायचा ते मला त्या मुलीनं शिकवलं. त्यानंतर ती मला प्रश्न विचारायला घाबरली नाही.

शिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’ मी ऑगस्टमध्ये पुन्हा वाचलं. त्यातला शिक्षक पहिल्या दिवशी मोठ्या उमेदीनं शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात नुसता गोंगाट होतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो. अभ्यास म्हणून वाचताना हा प्रसंग मी ओलांडून गेले होते. या खेपेला तिथेच पुस्तक मिटून बराच वेळ बसले.

वाचनाचंही थोडं सांगते. पुस्तकातल्या क्यूआर कोडमागे दीक्षा ॲपवर चांगले व्हिडिओ आहेत, पण वाडीत रेंज देवळाच्या चौथऱ्यावरच येते. शनिवारी तालुक्याला गेले की उतरवून आणते. त्या वर्षी पाठ्यपुस्तकांत मध्ये मध्ये कोरी पानं होती, नोंदींसाठी. त्यावर मी मुलांची वाक्यं लिहायला लागले. मूल जे बोलेल ते, जसं बोलेल तसं. ‘काल रातच्याला आमच्या पागोळीखाली बेडूक व्हता.’ ते त्याचं वाक्य, त्यामुळे त्याला ते वाचता येतं. त्यातून ‘बेडूक’ सुटा करायचा, ‘बे’ सुटा करायचा. शुद्ध कुठं, बोली कुठं, असं एका पालकांनी विचारलं. मी म्हटलं, आधी वाचू दे, मग आपण दोन्ही लिहू. खरं सांगायचं तर हे मी बरोबर करतेय का याची मला अजून पुरती खात्री नाही. पण पाटी पोटाशी धरणारा तो मुलगा सप्टेंबरात सगळ्यांसमोर उभा राहिला आणि त्यानं आपला बेडूक वाचला.

आणि वजाबाकी. नोव्हेंबर, दिवाळीनंतर. बत्तीसातून सात. हीर आणणाऱ्या मुलीनं वहीत उत्तर लिहिलं ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिनं सातातून दोन काढले आणि तीन तसाच खाली उतरवला. वहीपुरतं ते अगदी सरळ होतं. मी तिला हीर दिले. तीन जुड्या, दोन सुटे. ‘सात मला दे.’ तिनं दोन दिले. हात थांबला. ती जुड्यांकडे बघत होती. मला ओठांवर आलेलं वाक्य आवरणं फार कठीण गेलं. शेजारून दशक आणा, हातचा घ्या, सगळं जिभेवर होतं. पहिलीतली पोरं गप्प झाली होती. मिनिटभरानं तिनं विचारलं, ‘बाई, जुडी सोडू?’

मी म्हटलं, ‘तुझी जुडी आहे.’

तिनं दातांनी गाठ सोडली, दहा हीर पसरले, पाच मोजून माझ्या हातात ठेवले, उरलेले पाच आणि दोन जुड्या समोर नीट मांडल्या. ‘वीस पाच. पंचवीस.’ मग वही ओढून घेतली आणि ३५ खोडलं.

शिक्षण परिषदेत मला पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं तेव्हा मी तक्ते नेले नाहीत, कापडी पिशवीत जुड्या नेल्या. घाटाकडून आलेल्या एका नव्या सरांनी विचारलं, आमच्याकडे माड नाहीत, काय वापरू? तुरीच्या काड्या, कडब्याची धाटं, काहीही, मी म्हटलं. दहाही एकसारखे असावेत, मुलाला बांधता यावेत आणि सोडता यावेत. लातूरला सुट्टीत गेले तेव्हा भाच्यासाठी मी तुराट्या कापल्या.

यंदा जूनमध्ये पहिलीत तीन नवी मुलं आली. पट सोळा झाला. पाऊस तसाच आहे, भिंती तशाच ओल्या. भिंतीवर आता एकच तक्ता आहे, तळफळ्याजवळ, मुलांच्या कमरेच्या उंचीवर, आणि त्यावर काय लावायचं ते मुलं ठरवतात. परवा तिसरीत गेलेली ती मुलगी दारात उभी राहिली.

‘बाई, गुरुजींनी तीन अंकी दिलंय. एक मोळी देता? मोजून परत आणते.’

मी कोपऱ्यातली मोळी तिच्या हातात दिली. ती वळली, दोन पावलं गेली आणि थांबली.

‘सोडली तर चालंल ना?’

‘चालेल.’